रांगवेलीचा पार

भक्ती करावी, पण जिची करायची तिचा स्वभाव तरी आधी ओळखावा!

आमच्या आटपाडीकडच्या माळावर रांगवेल उगवते. काही वर्षं ती इतर वेलींसारखी एका जागी गप्प असते. मग एखाद्या उन्हाळ्यात जमीन तडकली, तिला सडकून तहान लागली, की सगळी पानं झाडते, मुळं वर काढते आणि त्यांच्यावर रांगत जोडीदाराकडे निघते. नर-मादीची मुळं गुंतली की शेंग धरते आणि दोन्ही वेली वाळून जातात. एकदा निघालेली वेल जोडीदार नाही भेटला तरी मरतेच, मग पाणी घालूनही उपयोग नाही. पण निघण्याआधीच कुणी पाणी घातलं, तर ती निघायचंच विसरते.

आता अख्ख्या माळावर दोनच उरल्या होत्या. ओढ्यापलीकडे मादी आणि आमच्या बांधावर नर. यंदा दोघांनीही पानं झाडली. मला कोण आनंद झाला! म्हटलं, आता शेंग धरणार.

मी आठवडाभर माहेरी उंब्रजला काय गेले, परत येते तर नराभोवती सिमेंटचा पार! त्यावर चकचकीत फरशी, शेंदूर, उदबत्त्या. चुलतसासरे नाथाजी तांब्याने पाणी घालत होते. रांगणारा देव गाव सोडून जाऊ नये म्हणून सगळी भावकी खपली होती म्हणे. माझं डोकंच फिरलं.

"आवं मामंजी, ह्यो निघाय झाला हुता! कोंडलासा व्हय त्याला?"

"कोंडलं न्हाई गं, बसाय जागा दिली. देव हाय त्यो."

"देवाला इचारलं का, बसायचं हाय का म्हणून?"

आणि पाराच्या पलीकडच्या अंगाला बघते तर मादी! ओढा ओलांडून आली होती बिचारी. मुळांची टोकं सिमेंटवर घासून सोलपटली होती, तरी चाचपडतच होती.

मी घरातून पहार आणली.

"पार फोडलास तर पाप लागंल, इनोदिनी!"

"लागू दे! हिचा वंस बुडाला तर त्ये पाप कुणाला लागंल?"

मी फरशी उखडली, सिमेंट फोडलं. आत नुसता चिखल. नराची मुळं खोल मातीत शिरली होती आणि बुडाशी एक कोवळं, हिरवंगार पान फुटलं होतं.

मादीची मुळं मी स्वतःच्या हाताने त्याच्यावर नेऊन ठेवली. त्याने एकही वर काढलं नाही.

नाथाजींनी ते पान बघितलं आणि गहिवरून हात जोडले.

"बगितलंस पोरी? देव पावला!"