दोघांत एक गिटार

दादाला मी पाण्याचा ग्लास दिला आणि तो मला "थँक्यू" म्हणाला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. जन्मात हा माणूस मला थँक्यू म्हणालेला नाही. मी आजारी असताना रात्र रात्र उशाशी बसला असेल, पण सकाळी "कण्हतेस किती, झोपू दिलं नाहीस" हेच ऐकवायचा. आमच्या घरात माया ही अशीच, दुरून बघणाऱ्याला भांडण वाटावं.

त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, जीभ सावरली, डावा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. त्या हाताचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा धक्का हा की दादा सभ्य झाला. "सॉरी", "राहू दे", "तुम्हाला त्रास". वहिनी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, परवा मी मीठ घालायलाच विसरले. तर म्हणाले, छान झालंय. मला रडूच कोसळलं." मला माझा भांडकुदळ भाऊ परत हवा होता. या पाहुण्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

म्हणून मी थाप मारली. "नातीला गिटार घ्यायचीय, निवडायला चल." एरवी त्याने उलटतपासणी घेतली असती. कोणत्या नातीला, कशाला, तिला पाढे तरी येतात का. तो "बरं" म्हणाला आणि चप्पल शोधू लागला.

आमचे वडील रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करायचे. एका वाद्यवृंदाचा मेलेला अँप्लिफायर त्यांनी जिवंत केला आणि त्याच्या बदल्यात एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी आली. मुलं दोन, गिटार एक. पहिल्याच संध्याकाळी आमची झोंबाझोंबी झाली. आई म्हणाली, "वाटून घ्या, नाहीतर उद्या परत जाईल." आईच्या राज्यात सगळं सुरीने अर्धं व्हायचं. गिटार कापता येईना, म्हणून आम्ही हात वाटून घेतले. दादाची बोटं लांब, त्याने डावा हात घेतला, म्हणजे तारा दाबायचं काम. माझ्या वाट्याला उजवा, तारा छेडायचं. एका बाकावर चिकटून बसायचं, गिटार दोघांच्या मांडीवर. तो दाबणार, मी त्याच्या बोटांवर नजर ठेवून छेडणार. त्याचा उजवा हात मोकळाच असायचा. तो हात माझ्या पाठीमागून घ्यायचा आणि पाठीवर ठेका धरायचा. मी रेंगाळले की ठेक्याचा धपाटा व्हायचा.

लोक हसायचे, पण ऐकायचे. आम्हाला वाटायचं गिटार येते आपल्याला. सुट्टीच्या दिवशी आम्ही वाद्यांच्या मोठ्या दुकानात जायचो आणि काचेमागच्या महागड्या गिटारी बघत उभे राहायचो. एकदा मालकाला दया आली. त्याने दोन गिटारी उतरवल्या आणि एक त्याला, एक मला दिली. म्हणाला, "वाजवा." आम्ही दोघं गळ्यात गिटार अडकवून ढिम्म उभे. दादाने तारा दाबल्या, पुढे काय करायचं त्याला कळेना. मी छेडल्या, तर एकच सूर भणभणत राहिला. मालक म्हणाला, "येतं म्हणालात ना रे?" घरी येईपर्यंत दादा मलाच बोल लावत होता.

पुढे दोघांनाही वेगवेगळं शिकता आलं असतं. नाही शिकलो. एकट्याने वाजवायचं म्हणजे घर फोडल्यासारखं वाटायचं. मग नोकऱ्या, लग्नं, मुलं आली, आणि ती गिटार कुठे गेली तेही आठवत नाही. ते दिवस आठवले की मला अजून त्या बाकाची ऊब लागते.

मी दादाला नेलं ते त्याच दुकानात, पण तिथे आता काच नव्हती. गिटारी भिंतभर उघड्या टांगलेल्या, कोणीही हात लावावा. केसांची शेंडी बांधलेला विक्रेता अगत्याने पुढे आला. मी सगळ्यात सुंदर, मधाच्या रंगाची एक दाखवली. किंमत वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"घ्या ना काका, हातात घेऊन तर बघा," असं म्हणत त्याने दादाला स्टुलावर बसवलं आणि ती त्याच्या मांडीवर ठेवली. मग त्याला लोंबता हात दिसला आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"सॉरी हं," दादाच म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास."

मी दात-ओठ खाल्ले. "आत बसून वाजवता येईल का?" विचारलं. विक्रेत्याने आम्हाला काचेच्या दाराच्या छोट्या खोलीत नेलं, गिटार अँप्लिफायरला जोडून दिली आणि दार लावून गेला. बाकावर मी सवयीने दादाच्या उजवीकडे बसले. माझा उजवा हात तारांवर गेला. तारा दाबायची जागा मोकळीच राहिली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झटका कोणत्या हाताला आलाय हे मी रोज बघत होते. गिटारीवरचा त्याचा वाटा नेमका तोच, हे या शहाणीच्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं गिटार दिसली की तो खुलेल. मी त्याला त्याचं गेलेलंच दाखवायला घेऊन आले होते.

दादा हळूच म्हणाला, "चल, जाऊ घरी. तू आणलंस हेच खूप झालं."

"ऊठ," मी म्हणाले. लाज वाटली की मला राग येतो. "ऊठ, इकडे सरक. मी त्या बाजूला बसते."

"तुला डावा हात कुठे येतो?"

"तुला उजवा कुठे येतो? बस."

आम्ही जागा बदलल्या. त्याचा डावा हात दोघांच्या मध्ये अडकला, तो उचलून मी माझ्या मांडीवर घेतला आणि वर गिटार ठेवली. कितीतरी वर्षं मी वीतभर अंतरावरून त्याची बोटं बघितली होती. कुठलं बोट कुठे जातं हे मला ठाऊक होतं, फक्त माझ्या बोटांना ठाऊक नव्हतं. तारा रुतल्या. दादाने भीत भीत एकदा छेडलं, फरफर आवाज आला. मग त्याने मान खाली घातली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ठेका धरला. तो ठेका माझ्या पाठीने लगेच ओळखला. बाकी सगळं बेसूर होतं, पण त्याचा हात एकदाही चुकला नाही.

मधेच तो थांबला.

"तिसरं बोट कुठाय तुझं? फिरायला गेलंय?"

"दाबतेय की."

"काय दाबतेस. याने मुंगी मरणार नाही."

मला ते आणखी ऐकायचं होतं.

"नखं कापून यायला काय झालं होतं? आणि एवढी घाई कसली? गाडी सुटतेय?" त्याचा आवाज चढला. विक्रेत्याने दार किलकिलं करून विचारलं, "सगळं ठीक ना काका?" दादा त्याच्यावरच उखडला, "ठीक कसलं? ऐकताय ना हिचं?" दार बंद झालं.

"इतकं कळतंय तर तूच दाब," मी म्हणाले. नेहमीचं उत्तर तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

दादाने माझ्या मांडीवर पडलेल्या आपल्या हाताकडे बघितलं. "दाबला असता," तो म्हणाला. "पण हा बघ ना, तुझ्यावर गेलाय. दिवसभर लोळतो, सांगितलेलं काही ऐकत नाही."

मला हसू फुटलं आणि त्याच्यामागून रडू आलं, ते काही थांबेना. दादाने गिटार पुन्हा सारखी केली.

"रडायचं ते घरी जाऊन," तो म्हणाला. "आधी ते बोट दाब."