रबरी हातोडीची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. खिळे ठोकणारी नव्हे. नसांच्या डॉक्टरांची, रबरी डोक्याची. कारखान्यात पोलादी दांड्यावर माझे डोके कोंबून बसवले आणि तेव्हापासून माझा जन्म मारण्यातच गेला. गुडघ्याखाली मारायचे, पाय उडाला की डॉक्टर म्हणायचे, "झकास!" तेवढ्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढत असे.

एके दिवशी एक सुतार थोरल्या भावाचा खांदा धरून आला. दोघांचे मिळून सुतारकामाचे दुकान होते. धाकट्याच्या तळव्यांची आग आग होत होती.

"चादर लागली तरी जीव जातो, डॉक्टर. परवा पाय बधिर तरी व्हावेत म्हणून त्यांवर लाकडी ठोकळा हाणून घेतला."

त्याची बोटे काळीनिळी पडली होती. डॉक्टरांनी मला चालवले. गुडघा उडाला, घोटाही उडाला. नसा तपासणाऱ्या यंत्राने माझीच री ओढली.

"सगळं ठीक आहे. तुम्हाला काही झालेलं नाही."

थोरल्याचा पारा चढला. "चार महिने तुझं काम मी ओढतोय, आणि तू सोंगं करतोस?" असे ओरडून त्याने बुटाची टाच भावाच्या उघड्या पावलावर दाणकन हाणली.

तसली किंकाळी मी कधी ऐकली नव्हती. सुताराने टेबलावरून मला उचलले आणि उलटे धरून दांड्याने भावाच्या तोंडावर घातले. पहिल्या घावात भुवई फाटली. दुसऱ्यात दात पडला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मनगट पकडले, तेव्हा मी रक्ताने माखले होते. सुतार खाली बसून रडू लागला. "दादा, खरंच दुखतं रे."

भुवईला टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "चूक माझी आहे. या हातोडीला फक्त जाड नसा कळतात. आग आणि वेदना सांगणाऱ्या नसा फार बारीक असतात. त्या मेल्या तरी गुडघा उडतोच."

मग त्यांनी सुताराच्या घोट्याजवळच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा तपासायला पाठवला. जिथे नसांचे दाट धागे हवेत, तिथे मोजकेच उरले होते. रक्तातली साखरही गुपचूप वाढली होती. औषधे, पथ्य आणि व्यायाम सुरू झाला. दुखणे गेले नाही, पण निम्म्यावर आले. सुतार पुन्हा रंधा मारू लागला. डॉक्टर आता आधी टाचणी टोचून आणि थंड-गरम लावून बघतात. मी खणात पडून असते, माझ्या रबराला भेगा गेल्या आहेत. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

टाके काढायला दोघे भाऊ बरोबर आले होते. निघताना थोरल्याने वाकून धाकट्याच्या चपला त्याच्या पायांपाशी सरळ करून ठेवल्या.

मित्रांनो, मला पुसून ठेवा नाहीतर भंगारात टाका. पण कुणी दुखतंय म्हणाले, तर आधी त्याचे ऐका. मी फोडलेली भुवई आठ दिवसांत सांधली. 'सोंग' हा शब्द सुताराला अजून ठणकतो, आणि त्यावर डॉक्टरांकडे औषध नाही.