पाहुण्यांच्या हातच्या गोळ्या

प्रज्ञा पांढुर्ण्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिचा धाकटा भाऊ अंकुश सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पेशंट. म्हणूनच १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनी, या आजाराच्या गोळ्या वाटणाऱ्या एका संस्थेनं तिला सौंसरच्या कार्यक्रमाला बोलावलं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांचं इंग्रजी भाषण तिनं लोकांना समजावून सांगायचं होतं.

"आईच्या पोटात असतानी आपलं हिमोग्लोबिन येगळं रायते, चांगलं," तिनं सांगितलं. "जन्मल्यावर एक जीन त्याले बंद करते. त्या जीनचं रक्तापुरतं एक बटन आहे. नव्या उपचारात तेवढंच बटन कापतात. मंग ते चांगलं हिमोग्लोबिन पुन्हा बनाले लागते."

मोहगावची मंगला उभी राहिली. तिच्या मुलीला हाच आजार होता. "आपल्याकडं कधी येईन हे?"

डॉक्टरांनी हिंदीत उत्तर दिलं, वेळ लागेल, तोवर रोजच्या गोळ्या सोडू नका, त्यांनीही तेच हिमोग्लोबिन वाढतं.

"गोळ्या कुठं आहेत? महिना झाला, संस्थेवाले संपल्या म्हणून राहिले!"

प्रज्ञाला ते माहीत होतं; अंकुशच्याही गोळ्या बंद होत्या. नऊ तारखेला अंकुश उशी दातात धरून ओरडत होता. पायाला कोणाला हातही लावू देत नव्हता.

पाणी प्यायला ती स्टेजमागे गेली. तिथे लाल फीत बांधलेली खोकी होती. गोळ्यांचीच. खोक्यांवर माल उतरल्याची तारीख होती, १ जून.

"हे काय आहे?" तिनं संस्थेच्या वीरेंद्रला विचारलं.

"मॅडम, प्रमुख पाहुणे येऊन राहिले. त्यांच्या हातानं वाटायच्या आहेत. फोटो काढा लागते ना."

"अठरा दिवस दाबून ठेवल्या? फोटोसाठी?"

"कार्यक्रमच आजचा होता."

प्रज्ञानं एक खोकं उचललं आणि सरळ माईकसमोर आणून आपटलं.

"गोळ्या संपल्या नव्हत्या! एक तारखेपासून इथंच होत्या. तुमची लेकरं तडफडत होती, अन् हे पाहुण्याची वाट पाहत होते!"

वीरेंद्रनं माईक बंद केला. तिला त्याची गरजच नव्हती. मंगला स्टेजवर चढली आणि तिनं फीत तोडली. डॉक्टर मान खाली घालून जागेवरून उठले. एकेकाचं कार्ड तपासून गोळ्या देऊ लागले. पाहुणे आले तेव्हा खोकी रिकामी होती.

संध्याकाळी अंकुशनं गोळी घेतली. तिचा गुण यायला काही महिने लागणार होते.

"मिळाल्या ना आता? शांत हो," आई म्हणाली.

"ते अठरा दिवस कोण देईन त्याले?" प्रज्ञा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आणि मंगला संस्थेविरुद्धची तक्रार घेऊन आरोग्य खात्याच्या कचेरीत गेल्या. बाबूनं खुर्च्या दाखवल्या. "आधी तक्रार लिहून घ्या," म्हणत दोघीही उभ्याच राहिल्या.