घनाच्या पलीकडे

लिओनेल्लो माझ्या हिशेबशाळेतला सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत हट्टी विद्यार्थी. बोलोन्यात गणिताच्या व्याख्यात्याची जागा रिकामी झाली, तेव्हा त्याने त्याच जागेवर डोळा असलेल्या ओर्तेन्सिओ गावार्दी या जुन्या खोडाला जाहीर आव्हान दिलं. रीत ठरलेली. भर चर्चमध्ये, गावासमोर, दोघांनी एकमेकांना गणितं घालायची. मात्र स्वतःला न सुटणारं गणित घातलं, तर घालणाराच हरला. लिओनेल्लो जिंकला तर व्याख्याता होणार होता. हरला तर जन्मभर काकाच्या वखारीत दोरखंड मोजणार होता.

आदल्या दिवशी त्याने मला शेवटचं गणित दाखवलं. एका संख्येचा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग. तो त्या संख्येची बारापट अधिक पाच एवढा भरतो. संख्या कोणती?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "लांबी म्हणजे रेघ, वर्ग म्हणजे अंगण, घन म्हणजे पेटी. त्याच्या पुढे काय रे? देव तिथेच थांबला. काढून टाक हे."

"देव थांबला असेल, मास्तर," तो म्हणाला. "आकडे कुठे थांबलेत?"

मी तणतणत घरी आलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. त्याने पुढे केलेली उत्तराची वहीसुद्धा मी उघडून पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे बरोबरीत आले आणि हेच गणित उरलं. ओर्तेन्सिओने दोन घेऊन पाहिले, कमी पडलं. तीन घेतले, जास्त झालं. मग तो लोकांकडे वळला.

"उत्तर दोन-तीनच्या मध्ये लोंबकळतंय. असल्या गणिताला नियमच नाही. या चिरंजीवांना येत असेल तर सोडवावं, नाहीतर वखारीची वाट धरावी."

लोक खदाखदा हसले. मी मान खाली घातली.

लिओनेल्लोने खडू उचलला. दोन्ही बाजूंना सारखंच काही मिळवून दोन्हीकडे पूर्ण वर्ग करायचे, एवढाच त्याचा बेत. पण किती मिळवायचं? त्यासाठी त्याने वेगळीच एक संख्या शोधली, जिचा घन आणि पाचपट मिळून अठरा होतात. घनाची गणितं सोडवायचा नियम तर आम्हा सगळ्यांना पाठ. उत्तर आलं दोन. त्यावरून त्याने दोन्ही बाजूंना मूळ संख्येच्या वर्गाची चौपट आणि वर चार मिळवले. डावीकडे पूर्ण वर्ग झाला. उजवीकडेही झाला. दोन्हींची मुळं काढली, आणि उरलं ते माझी बारा वर्षांची पोरं सोडवतात तसलं साधं वर्गाचं गणित.

"एक अधिक दोनाचं वर्गमूळ," तो म्हणाला.

ओर्तेन्सिओने स्वतः ताळा करून पाहिला. दोनदा. मग खडू ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि लिओनेल्लोला वाकून नमस्कार केला. त्या क्षणी चर्च असं दणाणलं की घंटेची गरजच उरली नाही. वखारवाला काका सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, आणि त्याला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

सोमवारी नव्या व्याख्यात्याचा पहिला तास. मी पहिल्या बाकावर पोरांना सरकवून बसलो. त्याने मला पाहिलं आणि बोलता बोलता अडखळला.

चाळीस वर्षं शिकवल्यावर मी हात वर केला.

"मास्तर," मी म्हटलं, "ते अठराचं पुन्हा एकदा सांगा."