सहाशे एकतीस परीक्षा

कपाटाच्या खालच्या खणातून मयुराने वह्या बाहेर काढल्या आणि जमिनीवर ओळीने मांडल्या. सात होत्या, शंभर पानी. सहा पूर्ण भरलेल्या, सातवीची एकतीस पानं. एका पानावर एक परीक्षा. डाव्या कोपऱ्यात ‘सू.’, उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली रोमन अक्षरांत वीस लॅटिन शब्द, प्रत्येकापुढे लाल पेन्सिलीची खूण, बरोबर किंवा चूक, आणि तळाशी गुण. आठवड्याला तीन म्हणजे चार वर्षं. शेवटची तारीख आजोबा गेले त्याच्या चार दिवस आधीची होती.

‘सू.’ म्हणजे सूर्यकांत साळवे, तिचे आजोबा. दिल्लीतल्या एका सेमिनरीत, पुढे धर्मगुरू होणाऱ्या मुलांना त्यांनी चौतीस वर्षं लॅटिन शिकवलं होतं. निवृत्तीनंतर एकच विद्यार्थिनी उरली, ती म्हणजे आजी, असं घरात सगळे हसून म्हणत. करोल बागेतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळचा चहा झाला की दोघं जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसत. गेल्या नाताळात मयुराच्या भावाने विचारलं होतं, “आजोबा, ढगाला लॅटिनमध्ये काय म्हणतात?” आजोबांनी हसून आजीकडे बोट केलं होतं. “हिला विचार. आता हिची पाळी.” आजीने लगेच सांगितलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मयुराने प्रत्येक वहीची सरासरी काढली. पहिल्या वहीत अठरा पूर्णांक सहा. तिसरीत पंधरा. पाचवीत नऊ. सातवीत चार पूर्णांक दोन. तिने आकडे पुन्हा तपासले. तेच आले.

रेवतीआत्याने तिला याचसाठी इथे ठेवलं होतं. “तुझं डोकं सायन्सचं आहे, मयू. तू भावनेत वाहून जाणार नाहीस. आठ दिवस राहा. आई एकटी राहू शकते का ते बघ आणि मला स्पष्ट सांग.” रविवारी चर्चमध्ये आजोबांसाठी महिन्याचा मिस्सा, प्रार्थनाविधी, होता. त्यानंतर आजीने इथेच राहायचं की आत्याकडे नोएडाला जायचं, ते ठरणार होतं.

मयुराने सहा दिवस नोंदी ठेवल्या होत्या. आजी गॅसचं बटण प्रत्येक वेळी तीनदा बघायची. मयुराला तिने दोनदा रेवती म्हणून हाक मारली होती. दाराला वर, हात जेमतेम पोहोचेल अशा उंचीवर, नवी कडी बसवली होती, विचारलं तर आजी म्हणाली, “चोऱ्या वाढल्यात.” यातल्या एकेका गोष्टीवरून काही सिद्ध होत नव्हतं. नाताळातल्या त्या ढगाच्या बरोबर उत्तरावरून उलटही सिद्ध होत नव्हतं. पण सात वह्यांवरून होत होतं. तिने आलेख काढला आणि त्याचा फोटो आत्याला पाठवला.

तीन मिनिटांत फोन आला.

“म्हणजे अप्पांना माहीत होतं,” आत्या म्हणाली. “चार वर्षं हे सगळं एकट्याने बघत होते आणि आम्हाला पत्ता नाही. ती वरची कडीसुद्धा त्यांनी हिच्यासाठीच बसवली असणार. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, यार. चलो, निदान कळलं तरी. टेम्पोवाल्याला मी सोमवारचं सांगून टाकते.”

“आत्या, आजीशी आधी...”

“तू काही बोलू नकोस. मी बोलेन.”

मयुराने सातवी वही उचलली आणि ती बाल्कनीत गेली. आजी डिसेंबरच्या उन्हात पाट घेऊन मटार सोलत बसली होती.

“आजी, एक सांगायचंय. रागावू नकोस.”

“मटारात अळी निघाली तर रागावेन. बस, सोलू लाग.”

“तुझे मार्क मी आत्याला कळवलेत.”

“माझे कसले मार्क?”

मयुराने वही उघडून पुढे धरली. “अठरावरून चारवर आलेत, आजी. हळूहळू, पण सारखे उतरतायत. अशा वेळी माणसाने एकटं राहणं...”

आजीने पदराला हात पुसले. वही जवळ घेतली, लांब धरली, आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“पेपरावर नाव कोणाचं लिहितात गं? परीक्षा देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं?”

मयुराने ते अक्षर पुन्हा वाचलं. ‘सू.’

“आणि पहिल्याच दिवशी मला अठरा?” आजी म्हणाली. “मी सरकारी छापखान्यात प्रूफं तपासायचे, पोपच्या घरी कामाला नव्हते. सायन्सवाली म्हणे!”

खालून भाजीवाल्याची हाक आली. आजीने कठड्यावरून वाकून “आज नहीं, भैया” म्हणून सांगितलं आणि पुन्हा पाटावर बसली.

“त्यांनाच आधी कळलं. सेमिनरीच्या कार्यक्रमात प्रार्थना म्हणता म्हणता अडले. घरी येऊन म्हणाले, कुमुद, आठवड्यातून तीनदा परीक्षा घे आणि सूट देऊ नकोस. मी दिली नाही, प्रत्येक उत्तर शब्दकोशात बघून तपासलं. मग गेल्या वर्षी एकदा सकाळी मेट्रो स्टेशनवर सापडले. पायात घरातल्या चपला. वर्गाला उशीर होतोय म्हणत होते. तेव्हा ती वरची कडी बसवली.”

“आणि गॅस?”

“सवय. ती काय महिन्याभरात जाते?”

मयुराने फोन हातात घेतला. “मी आत्याला आत्ताच सांगते.”

“नाही.”

“आजी, ती सोमवारी टेम्पो आणतेय. तुला घेऊन जाणार आहे. हे घर बंद करणार आहे.”

“करू दे.” आजीने एक शेंग उचलली. “रविवारी त्यांची मुलं येतील. केस पिकलेली मुलं. एकजण तर बिशप झालाय. सगळे सांगतील की सर एक शब्द विसरायचे नाहीत. रेवतीला ते ऐकायचंय. ते ऐकताना तिच्या डोळ्यांपुढे त्या चपला यायला नकोत. मला विसराळू म्हणाली तर माझं काय जातंय?”

तिने दाणे सालांच्या टोपलीत टाकले आणि साल पातेल्यात. मग ते बघून मुकाट्याने अदलाबदल केली.

मयुराच्या हातातला फोन थरथरला. आत्याचा संदेश होता: लोखंडी कपाट आणायचं की तिथेच विकायचं?

ती आत गेली आणि उरलेल्या सहा वह्या घेऊन आली.

“मी वीस शब्द विचारते. तू अर्थ सांग.”

“मला? कशाला?”

“मला मोजायचंय.”

पानांचे क्रमांक तिने फोनवरच्या यादृच्छिक आकड्यांनी निवडले, प्रत्येक वेळी वेगळी वही, म्हणजे ओळीने पाठ असल्याचा फायदा मिळू नये. निवडलेल्या शब्दांचे अर्थ फोनवर आधी बघून ठेवले आणि घड्याळ लावलं.

“निक्स.”

“बर्फ.”

“आपिस.”

“मधमाशी.”

“फेनेस्ट्रा.”

“खिडकी. सोपे सोपे विचारू नकोस.”

आजी सोलत होती. प्रत्येक उत्तरानंतर मयुरा श्वास सोडायची आणि पुढचा शब्द वाचण्याआधी पुन्हा रोखायची. चौदाव्या शब्दाला आजीचा हात थांबला.

“कोंखा,” मयुराने पुन्हा वाचलं.

आजी समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली.

“हा नाही येत. हा त्यांना शेवटपर्यंत आला. जे त्यांना येईनासे झाले, तेवढेच मला सांगावे लागले.”

“पुढचा विचारू?”

“विचार ना. थांबलीस कशाला?”

उरलेले सहा झाले. मयुराने घड्याळ बंद केलं आणि आत्याच्या संदेशाखाली लिहायला घेतलं. दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं तसंच पाठवलं:

“कपाट राहू दे. वह्यांवरून मी जे मोजलं ते चुकलं होतं, चूक माझी. आज स्वतः आजीची परीक्षा घेतली. वेळ दोन मिनिटं अकरा सेकंद. वीसपैकी एकोणीस.”