ओढून न पाहिलेला दोरा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. माझ्या सुईत कुणी नवा दोरा ओवला की माझे प्रश्न सुरू होतात. हा कुठून आला? दुकानात किती दिवस उन्हात पडून होता? वरून तर चमकतोय, पण आतून काय आहे? ओवणारी बाई निवांत पायडल मारायला बसते आणि मी मात्र पहिले चार टाके नीट पडेपर्यंत जीव मुठीत धरून असते. लोखंडाला कसला आलाय जीव, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

माझा जन्म लुधियानाचा. तिथल्या एका कारखान्यात मला ओतलं, घासलं, काळा रंग चढवला आणि अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली. मालगाडीत बसून मी नागपूरला आले आणि गांधीबागेतल्या एका दुकानात काचेमागे उभी राहिले. उत्तराचं लग्न ठरलं होतं. तिच्या वडिलांनी माझं चाक हाताने फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि मान डोलावली. अशी मी उत्तराबरोबर प्रताप नगरातल्या घरी आले. तिचा नवरा श्रीधर सरकारी कार्यालयात नोकरीला होता. त्याने मला खिडकीजवळ जागा दिली, ती आजपर्यंत तशीच आहे.

सुरुवातीला मीही भोळी होते हो. जो दोरा लावतील तो शिवायची. मग उत्तराला मुलगी झाली, अबोली. तिच्या पहिल्या वाढदिवसाला उत्तराने पांढरा फ्रॉक शिवला आणि त्यावर लाल दोऱ्याने नक्षी काढली. दोरा स्वस्तातला होता, दिसायला झकास. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग असा सुटला की फ्रॉकवर जणू कुणी पान खाऊन थुंकलं. उत्तरा तो फ्रॉक हातात धरून बाथरूमच्या दारात कितीतरी वेळ उभी होती. त्या दिवसापासून आम्ही दोघी संशयी झालो.

मग नवी रीळ घरात आली की तिची उलटतपासणी व्हायची. उत्तरा दोऱ्याचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासायची, रंग लागतो का पाहायची. काळ्या परकरावर दोरा ताणून धरायची, म्हणजे त्याच्यावर किती लव आहे ते कळतं. लव जास्त असली की ती सगळी माझ्या पोटात साचते, आणि नंतर मी घरघर करते तेव्हा बोलणी मलाच बसतात. शेवटी ती दोरा दोन्ही बोटांना गुंडाळून कानाजवळ धरायची आणि हिसका द्यायची. चांगला दोरा सहजासहजी तुटत नाही, बोटाला काचतो, आणि तुटलाच तर टच्‌ असा आवाज करून तुटतो. वाईट दोरा मुकाट्याने सुटतो. हे सगळं झाल्यावरच रीळ माझ्या डोक्यावर बसायची.

असा आम्ही सुखाने संसार केला. अबोलीचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, पडदे, श्रीधरच्या पायजम्यांचे नेफे, उन्हाळा सरला की कूलरला घालायचं कव्हर, सगळं माझ्या सुईखालून गेलं. शेजारच्या बाया यायच्या, टाके उलटे करून पाहायच्या आणि म्हणायच्या, "उत्तरा, तुझ्या मशीनचा हात चांगला आहे वं." मला बरं वाटायचं, पण वाटायचं की ह्या एवढं गोड काहून बोलून राहिल्या? आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्यातली एक फाटकी चादर घेऊन यायचीच.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले. अबोली मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन कळमन्याकडे गेली. तिचे सासरे तिथल्या बाजारात फळांचा व्यापार करतात. माझ्यावर आधी एक चादर आली, मग इस्त्रीचे कपडे, मग श्रीधरचं हेल्मेट आणि मोबाईलचा चार्जर. मित्रांनो, ज्या अंगावर सोनेरी वेल होती त्या अंगावर हेल्मेट. पण मी काही बोलले नाही. बोलायला मला तोंडच नाही. मला कुणाला काही सांगायचं असलं तर एकच रस्ता आहे, दोरा तोडायचा.

यंदा उन्हाळ्यात अबोली बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगा झाला आणि घरात एकदम धावपळ सुरू झाली. बारसं इथेच व्हायचं होतं. उत्तराने चादर ओढून काढली, मला पुसलं, तेल घातलं. नातवासाठी झोळी शिवायची होती. आपली मऊ झालेली सुती साडी तिने दुहेरी केली. दोन्ही टोकांना रुंद नेफा घालायचा, नेफ्यातून लाकडी दांडे सरकवायचे, दांड्यांना दोर बांधून छताच्या कड्यांना टांगायचं, म्हणजे झाली झोळी. बाळाचा सगळा भार त्या दोन नेफ्यांच्या शिलाईवर. मी मनात म्हटलं, बाई, आज दोरा पाहून लाव.

ती पाहून लावणारच होती. ही बाई संत्री घेताना वरचा थर उचलून खालची बघते, दूधवाल्यासमोर दुधात बोट घालते. पण त्याच दिवशी अबोलीच्या सासूबाई, यमुताई, भेटायला आल्या. बाळाची झबली, टोपडी, सुंठीचे लाडू असं बरंच काही आणलं होतं. पिशवीतून शेवटी त्यांनी पिवळ्या दोऱ्याची एक मोठी रीळ काढली. रेशमासारखी चकाकत होती.

"झोळीले हाच लावा बरं," यमुताई म्हणाल्या. "गांधीबागेतून मुद्दाम आणला. नातू आपला कसा सोन्याच्या दोऱ्यात झुलला पाहिजे."

त्या गेल्या. उत्तराने रीळ उचलली आणि खिडकीशी नेली. दोरा बोटांना गुंडाळला, कानाजवळ धरला. मी वाट पाहत होते, आता हिसका देईल. तिने हात खाली घेतला.

"विहीणबाईंनी प्रेमानं दिला," ती स्वतःशीच म्हणाली. "तो काय असा ओढून पाहायचा."

मित्रांनो, आता काय म्हणावं! जगातल्या सगळ्या दुकानदारांवर संशय घेणारी ही बाई एका विहिणीपुढे हात टेकून बसली.

तिने दोरा ओवला आणि माझा संशय लगेच खरा ठरला. तो गुळगुळीत दोरा सुईच्या नेढ्यातून असा सरकत होता, जणू त्याला कशातच राहायचं नाही. तो भरतकामाचा दोरा होता. तो काही लबाड नव्हता हं, मला खोटं बोलायचं नाही. रुमालावर फुलं काढायला त्याच्यासारखा दोरा नाही. पण फुलाला कापडावर नुसतं बसायचं असतं, नेफ्याला बाळ उचलायचं असतं. मी चार टाके घातले आणि तोडला. तिने पुन्हा ओवला, मी पुन्हा तोडला. तिने सुई बदलली, मला आणखी तेल पाजलं. मी तोडतच राहिले.

श्रीधर पेपर खाली ठेवून आला. "अवं, मशीनच म्हातारी झाली. कायले तिच्या मागं लागतेस? बारसं झालं की कबाडीवाल्याले देऊन टाकू."

खाटेवरून अबोली म्हणाली, "आई, आपला साधा दोरा लाव न. ड्रॉवरमध्ये आहे तो."

उत्तराने ड्रॉवर उघडला. तिथे आमची जुनी ओळखीची रीळ होती, पांढरी, न चमकणारी, बोटाला काचणारी. उत्तराने ती हातात घेतली. मी देवाचं नाव घेतलं.

"नको," ती म्हणाली आणि रीळ परत ठेवली. "तुझी सासू झोळीपाशी येऊन आधी दोराच पाहीन. तुले तिथं राहायचं आहे बाई."

आणि तिने माझ्या टेन्शनचा स्क्रू सैल केला. दोऱ्यावरचा माझा ताण गेला, मला तोडताही येईना. ढगळ, आळशी टाके पडत गेले, पिवळे, चकाकणारे. दोन्ही नेफे पुरे झाले. उत्तराने झोळी उजेडात धरली आणि खूश झाली. मला तर रडू यायचं तेवढं बाकी होतं.

बारशाला घर भरून गेलं. झोळी माझ्या समोरच टांगली होती, झेंडूच्या माळा लावून. यमुताई आल्या त्या सरळ नेफ्यापाशी. पिवळ्या टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा फुलला. उत्तराने अबोलीकडे पाहिलं, पाहा मी म्हटलं नव्हतं का, अशा नजरेने.

रीतीप्रमाणे बाळाच्या आधी झोळीत वरवंटा निजवायचा असतो. त्याला झबलं घालायचं, टोपडं बांधायचं, झोका द्यायचा आणि मग बाळ. पण उत्तराच्या स्वयंपाकघरात मिक्सर. अबोलीने एक कापसाचं अस्वल पुढे केलं. "आई, हेच ठेवू. कोण शोधते आता वरवंटा."

मी मनातल्या मनात ओरडले, वरवंटाच आणा. हलकं कापसाचं अस्वल त्या टाक्यांनी सहज पेललं असतं, आणि त्यांच्यावर पहिला भार बाळाचाच पडला असता.

"अस्वल काय वं?" यमुताई म्हणाल्या. "आमच्या इकडं वरवंटाच निजवतात. पाहा न श्रीधरभाऊ, असन कुठीतरी."

तेव्हा श्रीधरला आठवलं. गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वरवंटा तिथे टेकवलेला होता. तो धुऊन आणला. यमुताईंनी त्याला स्वतः टोपडं बांधलं, काजळाची तीट लावली आणि दोन्ही हातांनी झोळीत ठेवला. बाया हसल्या. उत्तराने झोळीला झोका दिला. एकदा गेली, परत आली. दुसऱ्यांदा गेली आणि नेफा कडेपासून कडेपर्यंत उसवला. आवाजसुद्धा झाला नाही. आवाज झाला तो वरवंट्याचा. टोपडं घातलेला दगड फरशीवर आदळला आणि फरशीला तडा गेला.

अबोलीने बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. उत्तरा त्या फुटलेल्या फरशीकडे पाहत होती.

श्रीधर माझ्याकडे वळला. "मी म्हटलंच होतं. ह्या मशीनवर..."

"मशीनचा दोष नाही," उत्तरा म्हणाली. विहीण समोर उभी, घरभर पाहुणे. ती कुणाचं नाव घेणार?

यमुताई खाली वाकल्या. उसवलेल्या नेफ्यातून लोंबणारा पिवळा दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला आणि ओढला. तो मुकाट्याने सुटला. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा सुटला. मग त्या तिथेच फरशीवर बसल्या, वरवंट्याच्या बाजूला.

"हा तर मी आणलेला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुकानदार म्हणे, भरतकामाले चांगला आहे. मले वाटलं दोरा तो दोरा. रंगच पाहत राहिली मी." मग मान वर करून म्हणाल्या, "उत्तराताई, तुम्ही तर एवढ्या हुशार शिवणाऱ्या. ओढून नाही पाह्यला?"

"तुम्ही दिलेला होता," उत्तरा म्हणाली.

"मी दिला म्हणून काय झालं वं माय?" यमुताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझ्या मानापायी तुम्ही माझ्याच नातवाले त्याच्यात निजवत होत्या."

मग यमुताईंनीच डोळे पुसले आणि विचारलं, "घरात दुसरा दोरा आहे का?"

उत्तराने ड्रॉवर उघडून पांढरी रीळ काढली. पाहुण्यांना सरबत दिलं गेलं, बारसं थांबलं, आणि भरल्या घरात मला कामाला लावलं. उत्तराने आधी दोरा कानाजवळ धरून हिसका दिला. बोटावर लाल वळ उठला, तरी दोरा तुटला नाही. मग तिने माझा स्क्रू पुन्हा आवळला. यमुताई कापड सरळ धरून बसल्या होत्या. मी प्रत्येक टाका दाबून घातला, एकावर एक तीन ओळी, आणि एकदाही दोरा तोडला नाही. ते श्रीधरने पाहिलं. माझ्यावर हेल्मेट त्या दिवसानंतर दिसलेलं नाही.

वरवंटा पुन्हा झोळीत गेला. या वेळी यमुताईंनी त्याच्यावर आपले दोन्ही हात रोवून भार टाकला. नेफा हलला नाही. मग बाळ निजलं, आत्याने कानात नाव सांगितलं आणि सगळे जेवायला बसले.

परवा यमुताई पुन्हा आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक रीळ काढली, निळी, दुपट्याला लावायला म्हणून. उत्तराने ती हसून घेतली आणि न ओढता तशीच देव्हाऱ्यावर ठेवायला निघाली.

"थांबा," यमुताई म्हणाल्या. "माझ्यासमोर ओढा."

उत्तरा क्षणभर घुटमळली. मग तिने दोरा बोटांना गुंडाळून कानाजवळ धरला. यमुताईंनीही आपला कान तिच्या कानाजवळ आणला. मी तर कधीपासून ऐकतच होते.

मित्रांनो, मला वेळेवर तेल घाला, माझ्यावर ओलं काही ठेवू नका, एवढं तर मी मागणारच. पण दोरा मात्र दर वेळी ओढून पाहा, मग तो कुणीही दिलेला असो. ज्याने प्रेमाने दिला असेल त्याच्यासमोरच ओढा. त्याला राग येणार नाही. आणि तुमच्या झोळीतलं बाळ खाली पडणार नाही.