न मळलेली पुस्तकं

तपासणी जवळ आली तशी मुख्याध्यापकांनी ग्रंथपालबाईंची फाटकी पुस्तकं रद्दीत काढली आणि काचेच्या कपाटांत कोरी करकरीत पुस्तकं भरून कुलूप ठोकलं. मुलांनी वाचून वाचून खिळखिळी केलेली ती पुस्तकं बाईंनी पंधरा वर्षं डिंक लावून जगवली होती.

तपासनीस खूश झाले. "एकही पुठ्ठा मळलेला नाही! बाई, मुलांना छान शिस्त लावलीत."

मुख्याध्यापकांनी डोळे वटारले, तशा बाई "आभारी आहे" म्हणाल्या. स्वतःच्याच आवाजाची त्यांना किळस आली.

दुपारी पाचवीतली एक मुलगी अर्धवट राहिलेलं पुस्तक मागायला आली. बाईंनी तिला शेजारी बसवून उरलेली गोष्ट तोंडपाठ सांगितली.

"पण मला ती स्वतः वाचायची होती," मुलगी हिरमुसून म्हणाली आणि निघून गेली.